ओलीचा कायदा

चांगुणाबाईंनी हातकोळपं थांबवलं आणि घाम पुसत बांधापलीकडं पाहिलं. भागवतच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा. औंदा त्यानं एकदाही कोळपलं नव्हतं. तरी गड्याची ज्वारी हिरवीगार! आणि चारचार वेळा कोळपून, भेगा बुजवून ओल राखलेल्या चांगुणाबाईंच्या रानात पोटरीत आलेली, कणीस धरू पाहणारी ताटं माना टाकत होती. वर्षाची भाकरी होती ती.

"मॅडम, हे असं उलटं कसं वो?"

मातीत ओलमापक खुपसून डॉ. रेवती उभ्या होत्या. जोडधागा त्यांनीच शोधलेला. जोडधागा म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी; तिचे केसाएवढे तंतू या रानाच्या मुळांतून त्या रानाच्या मुळांत शिरतात आणि जास्त ओलीकडून कमी ओलीकडं पाणी नेतात. पाऊस बेभरवशाचा झाला, तसा समओल कायदा आला. तीन एकरांच्या आतली रानं जोडायची, एकाचंही पीक जळू द्यायचं नाही. गावच्या सभेत पहिला हात चांगुणाबाईंनीच वर केला होता. भागवतची पोरं उपाशी राहिलेली त्यांना बघवली नव्हती.

"तुम्ही ओल राखता, म्हणून ती तुमच्याकडून जाते," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"म्हंजी मी राबते म्हणून माझंच जळायचं? चांगला न्याय हाय!" त्यांनी कोळपं बांधावर आपटलं. "आजपासनं बंद. पडू द्यात भेगा."

"असं करू नका, चांगुणाताई! खालची चार रानं तुमच्या ओलीवर तगलीत. तुम्ही थांबलात तर आठ दिवसांत ती जळतील. आणि मला वर कळवावं लागेल. ओल राखणं सोडणं म्हणजे धागा तोडणं, असं कलम आहे. धागा तोडणाऱ्याचं रान दुसऱ्याला कसायला देतात."

"कुणी घातलं हे कलम?"

"मी," डॉक्टरांची मान खाली गेली. "ऐन दुष्काळात कुणी हात काढून घेऊ नये म्हणून."

"आन् भागवतला न्हाई लागत?"

"त्याच्याकडं राखायला ओलच नाही. कलम ओल असेल तिथंच लागतं."

चांगुणाबाईंना रडू फुटायचं ते हसूच फुटलं. एवढ्यात कोळप्याचा आवाज थांबलेला ऐकून भागवत बांधावर आला, मागोमाग बाकीच्या तीन रानांची माणसं. कुणी रागावलेलं नव्हतं. सगळे येऊन बसले आणि त्यांच्याकडं बघत राहिले.

चांगुणाबाईंनी कोळपं उचललं.

"दमानं घ्या, वैनी," भागवत पाण्याचा तांब्या पुढं करत मायेनं म्हणाला. "फकस्त त्या कोपऱ्यातली एक ओळ कोळपायची राहिलीय बगा."