टेप संपली तिथून पुढे

कानांच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. वयाबद्दल थापा मारा, वजनाबद्दल मारा. पण मी हेडफोन चढवून "आवाज आला की बटण दाबा" इतकं साधं सांगितल्यावर, आवाज आलेलाच नसताना बटण दाबता म्हणजे काय!

आणि हा पठ्ठ्या खुशाल दाबत होता. कान तपासायच्या काचेच्या खोलीत ऐटीत बसलेला. मी बारीकात बारीक सूर सोडला तरी माझ्या टेबलावरचा दिवा लागायचा. वर सारखा माझ्याकडे बघतोय... अगदी एकटक. मी उगाच केस कानामागे सारले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो माझ्याकडे कुठला बघतोय, माझ्या हाताकडे बघत होता! हात सूर सोडायच्या खटक्याकडे गेला की हा बटण दाबणार.

मी सूर न सोडता नुसता हात हलवला. दिवा लागला.

मी खोलीचं जड दार उघडलं. "आवाज नव्हता."

"होता," तो म्हणाला. चेहरा साळसूद.

"खुर्ची भिंतीकडे वळवा."

वळताना त्याच्या जाकिटाखालचा टीशर्ट दिसला आणि माझा राग जरा अडखळला. छातीवर गंजलेलं दातेरी चाक. आमच्या म्हाताऱ्यांच्या तिसऱ्या अल्बमचं चित्र! आमचे म्हातारे म्हणजे आमचा हार्ड रॉक बँड. केस पिकले, गुडघे बदलून झाले, तरी अजून कातडी पँट घालून स्टेजवर ओरडणारे. त्यांचा तिसरा अल्बम निम्म्या चाहत्यांनाही माहीत नाही. कंपनीच्या भांडणात अडकला तो कायमचा, नेटवरसुद्धा मिळत नाही.

"'गंज' ऐकलंय?" मला राहवेना.

"दुसऱ्या बाजूचं शेवटचं? त्यांचं सगळ्यात भारी गाणं."

"आणि शेवट! ओळीच्या मधेच, शब्द अर्धा तोडून थांबतात. असं थांबायला छाती लागते."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "थांबतात कुठे? पुढे आहे की अजून."

"काही नाहीये."

"माझ्याकडे रेकॉर्ड आहे."

"मी लहानपणापासून ऐकतेय ते गाणं!"

"मग लहानपणापासून अर्धंच ऐकताय."

आगाऊ! एक नंबरचा आगाऊ!

पण नीट तपासलं तेव्हा त्याच्या डाव्या कानातले वरचे सूर गेलेले निघाले. यंत्र लावावं लागेल, मी सांगितलं. त्याचं हसू एकदम मावळलं. "मी गिटारी दुरुस्त करतो," तो म्हणाला. "माझं सगळं कानावर चालतं... कुणाला सांगू नका."

मी कशाला सांगू? पण तो निघाला तेव्हा इतका पडलेला दिसला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी रेकॉर्डवाल्या काकांकडे आम्ही म्हाताऱ्यांचे सगळे चाहते जमतो. भांडायचं असेल तर या."

आला की! पुढच्या रविवारीही आला. काकांच्या दुकानामागच्या खोलीत आमचा अड्डा. तो नेमका माझ्या डावीकडची खुर्ची धरायचा, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे. कारण फक्त मला ठाऊक होतं. तरी दर वेळी त्याने खुर्ची ओढली की माझा हात उगाच केसांकडे जायचाच.

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी नव्या अल्बमची घोषणा केली आणि अड्ड्यावर युद्ध पेटलं. मागच्याच कार्यक्रमात गायकाचा वरचा सूर फाटला होता, त्याने माईक लोकांपुढे धरून वेळ मारून नेली होती.

"थांबावं आता त्यांनी," हा म्हणाला. "लोक हळहळतायत तोवर थांबावं. कीव करायला लागल्यावर नाही."

"कीव?" मी ताडकन उठले. "सूर फाटला तर खाली उतरवून गातील! आयुष्य घातलंय त्यांनी त्यात. अरे, तू कोण लागून गेलास त्यांना घरी बसवणारा?"

काका चष्मा पुसायला लागले.

"'तू' म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "बरं वाटलं..."

माझे कान तापले. आणि याचाही मला रागच आला.

त्या संध्याकाळी मी बाबांची जुनी कॅसेट घेऊन बाबांपुढेच बसले. त्यांनीच ती मित्राच्या रेकॉर्डवरून भरलेली. "बाबा, 'गंज' मधेच थांबतं ना? सांगा एकदा, म्हणजे त्या दीडशहाण्याचं तोंड बंद होईल."

बाबा खो-खो हसत सुटले. "अगं बाई, टेप संपली होती तिथे!"

"काय?"

"टेप संपली. गाणं बरंच पुढे होतं."

"मग इतकी वर्षं सांगायचं नाही का?"

"तू 'काय शेवट आहे, काय शेवट आहे' करत घरभर नाचायचीस. म्हटलं, कशाला विरस करा पोरीचा?"

विरस! जन्मदात्याने माझा पोपट करून ठेवला होता, तोही प्रेमाने. आता त्या आगाऊ माणसापुढे हार मानणं आलं. मी मनातल्या मनात तालीम केली, ओठ चावून रविवारी गेले... तर माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी.

"तो नाही यायचा," काका म्हणाले. "दुकान बंद करतोय म्हणे. का ते सांगत नाही."

मला का ते माहीत होतं. मी तशीच तरातरा त्याच्या दुकानात गेले. भिंतीवरच्या गिटारी उतरवलेल्या, अर्ध्या खोक्यांत, आणि तो सुतळी बांधत बसलेला.

"म्हाताऱ्यांबद्दल बोलतच नव्हतास तू!" मी दारातूनच सुरू केलं. "स्वतःबद्दल बोलत होतास! कीव येण्याआधी थांबायचं, होय ना?"

त्याने सुतळी खाली ठेवली. "परवा एक गिटार लावून दिली. गिऱ्हाइकाने वाजवून बघितली, काही बोलला नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि घेऊन गेला... ती नजर मला नकोय."

"मग कान माझ्याकडे आण! यंत्र कशाला बनवलंय माणसांनी? एका कानातले चार सूर गेले म्हणून हात गेले का तुझे?" माझा आवाज चिरकला. "आणि ऐक. माझी टेप संपली होती. गाणं पुढे आहे. तू खरा, मी खोटी. झालं समाधान? आता उरलेलं ऐकवल्याशिवाय दुकानाला कुलूप लावून तर बघ!"

तो किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. या वेळी हाताकडे नाही.

सोमवारी तो आला. मी त्याच्या डाव्या कानात यंत्र बसवलं, नीट लावून दिलं. टेबलावरच्या किल्ल्या वाजल्या तसा तो दचकला, मग पुन्हा पुन्हा त्याच वाजवत बसला लहान पोरासारखा. मग म्हणाला, "आता तू आत बस."

रेकॉर्डवरून उतरवलेलं गाणं त्याने मोबाइलवर आणलं होतं. मी त्याला टेबलावरचं सगळं दाखवलं. "आणि बोलायचं असेल तर हा लाल खटका दाबून धरायचा. नाहीतर तुझं आत काही ऐकू येत नाही." मग काचेच्या खोलीत जाऊन हेडफोन चढवले.

'गंज' सुरू झालं. तो अर्धा शब्द आला... आणि पुरा झाला! मला रडूच फुटलं. पुढे ढोल थांबले, ओरडणं थांबलं. एकच गिटार राहिली आणि गायक खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखा, तीच ओळ पुन्हा म्हणाला. म्हणजे तरुणपणीच ठाऊक होतं की मेल्यांना, खाली उतरूनही गाता येतं!

गाणं संपलं. कानात शांतता. काचेपलीकडे त्याने घसा साफ केला, यंत्र चाचपलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याचे ओठ हलले. चार-पाच शब्द असतील. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. लाल खटक्यापासून त्याचा हात चांगला वीतभर लांब होता, वेंधळा कुठला!

मी बटण दाबलं.

त्याच्यापुढचा दिवा लागला. तो बघतच राहिला. मग खाली खटक्याकडे बघितलं, जीभ चावली आणि धावत येऊन दार उघडलं.

"आवाज नव्हता," तो म्हणाला. "खटका दाबायचाच राहिला माझा..."

"होता," मी म्हटलं.