न सापडलेले शोध

स्कॅनरसाठी राखून ठेवलेल्या टेबलावर कुणी अनोळखी तरुण मजेत संत्रं सोलत बसलाय, हे पाहून अदितीचं डोकंच फिरलं. जुन्या मासिकांचे गठ्ठे त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

"पुस्तकांजवळ खायचं नाही. आणि वाचकांनी तिकडे बसायचं."

"मी वाचक नाही ना, मॅडम." त्यानं शांतपणे एक फोड तिच्यापुढे धरली. "शिवम. अकोल्याहून आलो, तुमचं डिजिटल ग्रंथालय उभं करून द्याले. संत्रं आमच्या चांदूर बाजारच्या बागेतलं हाय. आधी घ्या... मंग रागवा."

ती रागावणारच होती. फोड मात्र तिनं घेतली.

अमरावतीच्या त्या वाचनालयात अदिती सहायक ग्रंथपाल होती. दिवसभर शिवमनं तिला पानं सरळ कशी स्कॅन करायची, पुस्तकाचं नाव, लेखक, विषय कुठे भरायचा ते शिकवलं, आणि ती त्याला प्रश्न विचारून भंडावत राहिली. ही तिची लहानपणापासूनची खोड.

"वाचकानं शोधलं आणि पुस्तक नसलंच, तर?"

"तर 'सापडलं नाही' असं येते. अन् तो शोध मले अकोल्यात दिसते. लोकाईले काय पाहिजे, ते त्याच्यावरूनच तर समजते."

"म्हणजे तुम्ही लोकांच्या मनात डोकावता."

"नाव दिसत नाही कोणाचं." तो तिच्याकडे बघून हसला. "ओळखू येते, पण..."

हे तिच्या डोक्यातून जाईना. तो अकोल्याला परतल्यावर तिनं गंमत म्हणून शोधलं — 'कौंडण्यपूरची जत्रा'. सापडलं नाही. दुसऱ्याच दिवशी जत्रेवरची एक जुनी पुस्तिका स्कॅन होऊन पडद्यावर हजर. अकोल्यात कुणाच्या तरी कपाटातून त्यानं ती मिळवली होती. मग तिनं मुद्दाम अंबाडीच्या भाजीचे प्रकार शोधले, तर पाककृतींचं पिवळं पडलेलं पुस्तक आलं.

"हे एवढं कुणासाठी चाललंय?" ती फोनवर विचारी.

"वाचकाईसाठी..." तो म्हणे, पण जरा थांबून. त्या थांबण्याचा अर्थ लावता लावता अदितीचं कामातलं लक्ष उडालं.

आणि एक दिवस त्यानं सहज सांगितलं, हैदराबादहून नोकरी आलीये, महिनाअखेर कळवायचंय. तिनं अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि तिला रडूच कोसळलं. तिला तो हवा होता, स्वतःपासून लपवण्यात आता अर्थ नव्हता. पण तोंडानं विचारायचा धीर कुठून आणायचा? वाचनालय बंद करता करता तिनं शोधाच्या चौकटीत लिहून टाकलं — 'शिवम अमरावतीच्या मुलीसाठी थांबेल का'. सापडलं नाही. त्याला तेवढं दिसलं की झालं.

तिला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. न सापडलेले शोध दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचे आणि पुढची पुस्तकं ठरवायची, असं वाचनालयाचे चिटणीस हेमचंद्रकाका यांनी ती रजेवर असताना ठरवून टाकलं होतं.

बैठकीला शिवमही आला. पडद्यावर शोध दिसू लागले आणि काका चष्मा सावरून वाचू लागले. "'कपाशीवरची बोंडअळी'... मागवू. 'शिवम अमरावतीच्या मुलीसाठी थांबेल का'... ही कादंबरी दिसते. लेखक कोण?"

अदितीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शिवम उठला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"कादंबरी नाही, काका. मलेच विचारलं हाय ते." तो तिच्याकडे वळला. "हैदराबादवाल्याईले कळवलं मी — अकोल्यात राहून काम देत असाल तर करतो, नाही तर नाही. त्याईचं उत्तर अजून आलं नाही. माहं मात्र पक्कं हाय. मले ही आवडते."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि चहा मागवला.

बाहेर व्हरांड्यात अदितीनं त्याला गाठलं. "लाजेनं मेलेच असते मी. बैठकीआधी तेवढी ओळ पुसता आली नसती?"

"आली असती."

"मग काहून नाही पुसली?"

"भेव वाटलं." पहिल्यांदाच त्याची नजर खाली गेली. "चार लोकाईत वाचलं गेलं, तर... तुले ते परत घेता येनार नाही, असं वाटलं."

अदितीनं त्याचा हात धरला. आतून काका खिडकीशी आले, तरी सोडला नाही.

"मी परत घेतच नव्हते," ती म्हणाली.