दुसरा ठोका

जेजू बेटावरच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्स योंगशिल सकाळपासून एकच इसीजी काढत बसली होती. पलंगावर होत्या मानछून मावशी. उभा जन्म समुद्रात बुड्या मारून कालवं काढण्यात गेलेला. पण छातीत कळ आल्यापासून पाणी बंद. यंत्रातून थेट पोचणारा आलेख पाहून शहरातल्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तरच पुन्हा उतरायचं. आज मावशींच्या जागी त्यांची सून मिहो पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय इतर बायकांच्या होडीतून गेली होती.

"स्वयंपाक येत नाही, बुडी तरी येऊ दे म्हटलं," मावशी म्हणाल्या.

"बोलू नका हो, रेघ हलते."

रेघ तशीही हलतच होती. मावशींच्या ठोक्यांच्या मधे आणखी बारीक शिखरं उमटत होती. योंगशिलने कातडी स्पिरिटने पुसली, नवे स्टिकर लावले, वायरी बदलल्या, हीटरची पिन काढली, मोबाइल दूर ठेवला. विजेचा गोंधळ असता तर रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसली असती. मावशी थंडीने कापतही नव्हत्या. ही शिखरं स्वच्छ होती, एका लयीत.

शेवटी तिने वायरींचे सगळे चिमटे काढून चादरीवर टाकले.

मावशींचे ठोके गेले. मधले राहिले.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. पण तिचं तिलाच पटलं नाही.

मावशी उठून बसल्या. पडद्यावरची शिखरं आता दूर दूर पडू लागली होती.

"श्वास धरलेल्या बाईची नाडी अशीच मंदावते," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी फार वेळ खाली राहिलीय गं."

"काहीतरीच काय, मावशी!"

तरी तिने होडीवर फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. यंत्र बंद करायला तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थिजला. बंद केलं, आणि खरंच काही झालं तर?

शिखरं आणखी विरळ झाली.

"लाव ते परत," मावशी आडव्या होत म्हणाल्या.

तिने चिमटे लावले. मावशींनी डोळे मिटले आणि सगळा श्वास सोडला, पाण्यावर आलेल्या बायका सोडतात तशी लांब शीळ घालत.

परत घेतला नाही.

"मावशी! श्वास घ्या!"

पडद्यावर शिखरं जवळ आली. भराभर.

योंगशिल छाती दाबत राहिली, हाका मारत राहिली. हात भरून आले तेव्हा होडीवरून फोन आला.

"मिहो वर आली. पाय जाळ्यात अडकला होता. सासूबाईंना सांगू नकोस हं, उगाच घाबरतील."

लगेच दुसरा फोन वाजला, शहरातल्या डॉक्टरांचा.

"आलेख पोचला. आता एकदम स्वच्छ येतोय. तिशीतल्या बाईचं काळीज आहे हे! उद्यापासून खुशाल पाण्यात उतरू द्या त्यांना."

मावशींचा हात तिच्या हातात गार पडत चालला होता. यंत्रातून कागद अजून सरकत होता.