बाटलीपलीकडची हनुवटी

सावळारामचा कागद शेळीने खाल्ला, तिथून हे प्रेम सुरू झालं.

साल १९३९. शेळी ठकूची. तिच्या धनगरवाड्यावर घटसर्पाने मेंढरं मरायला लागली, म्हणून ती वेल्ह्याला गुरांच्या दवाखान्यात लस मागायला आली होती. तिथल्या कंपाउंडरची, सावळारामची, लस अजून बाटलीत वाढत होती. मटणाच्या गाळलेल्या रश्शात रोगाचे जंतू पोसायचे, दाट झाले की मारायचे — त्यांचीच लस. घाई केली तर ती कुचकामी, फार उशीर केला तर बाटली फुकट. थेंब काढून बघावं, तर बूच उघडताच बाहेरचे जंतू बिनबोलावता जेवायला येत. म्हणून डॉक्टरांचा नियम होता : बूच काढायचं नाही. बाटलीमागे काळ्या ठिपक्यांचा कागद धरायचा; ठिपके दिसेनासे झाले की जंतू मारायचे.

आता कागद शेळीच्या पोटात होता आणि डॉक्टर पुण्यात.

सावळारामने ठकूच्या हनुवटीकडे पाहिलं. तिथे गोंदणाचे तीन ठिपके होते.

"बाटलीमागं बसावं लागेल," तो म्हणाला. "शास्त्रासाठी."

"शास्त्राला दुसरी हनुवटी न्हाई गावली व्हय?"

पण बसली. मेंढरांसाठी. सकाळी बसली, दुपारीही बसली. सावळाराम एक डोळा मिटून बाटलीतून बघायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "स्पष्ट." रस्सा ताकासारखा झाला, तरी — "स्पष्ट."

ठकूला संशय आला. तो बाटली हलवण्यात गुंगला असताना तिने आपल्या जागी शेळी उभी केली आणि त्याच्या मागे येऊन थांबली.

सावळारामने डोळा मिटला. "तिन्ही दिसतात. मधला जरा... लाजलाय."

शेळी ओरडली.

"म्या हितं हाय," मागून आवाज आला.

तो वळला नाही. कान तेवढे लाल झाले.

"खरं सांगा, काय दिसतंय? माजी मेंढरं मरत्यात."

त्याने दोन्ही डोळे उघडून नीट पाहिलं. बाटलीत नुसतं पांढरं होतं.

"काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "ठिपके... पाठ झालेत."

जंतू मारायला लगेच त्याने शेगडीवर पाणी ठेवलं. ठकू फुंकर घालायला बसली. वेळ गेली नव्हती; लस वाचली.

"वाड्यावर टोचायला कोन येनार?" तिने निखाऱ्यांना विचारलं.

"मीच."

"मग या. तितं मधी बाटली नसंल."

तो गेला. आधी शेळीला टोचलं. मग मान वर केली... आणि पाठ झालेलं पुन्हा वाचत बसला.