बकरी बरी झाली

जगातल्या प्रत्येक मोठ्या प्रेमाच्या मुळाशी एक खोल जखम असते. किशोरच्या प्रेमाच्या मुळाशीही होती. फक्त ती बकरीच्या पोटाला होती.

बैलाचं शिंग लागून आतला पडदा फाटला होता आणि कातडीखाली नारळाएवढा फुगवटा आला होता. मामाच्या टेम्पोतून बकरीला कवेत धरून पौर्णिमा अमरावतीहून अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात उतरली, तेव्हा बाहेर श्रावणाची झिमझिम होती. कपाळावर ओले केस, ओढणीवर लेंड्यांचे डाग. तिथे संशोधन करणाऱ्या किशोरला त्यातले फक्त केस दिसले.

"डाक्टर, हर्निया हाये म्हणतात. खाटीक मागून राहिला. पण कापूस बुडाल्यापासून इच्याच दुधावर घर हाये... म्या नाही देत."

"नका देऊ. आमी जाळी बसवू."

"पलास्टिकची?"

"नाही. म्हशीच्या पोटातला पडदा घेतो, अन् धुऊन धुऊन त्यातली सारी म्हैस काढून टाकतो. नुसती जाळी उरते. तिच्यावर या बकरीच्याच पेशी वाढवतो, मंग शिवतो."

"म्हंजे घर म्हशीचं, अन् राहणार बकरी?"

"हौ. मंग हळूहळू हिचं सोताचं मांस भरते, अन् जाळी विरून जाते."

"काहीच नाही उरत तिचं?"

"काहीच नाही."

"बिचारी..." म्हणून ती हसली. किशोरच्या छातीत काहीतरी जागचं सरकलं. त्यावर कुठलीही जाळी उपलब्ध नव्हती.

पेशी वाढल्या, जाळी बसली, टाके निघाले. तरी तपासण्या संपेनात. ती बकरीचे पाय धरायची, तो पोट चाचपायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही घाईनं बकरीकडे पाहायची. बकरी भिंतीकडे पाहायची.

"पुढल्या महिन्यात आनजा."

"कावून? उड्या मारून राहिली ते."

"आतून पाहा लागते."

"आतून..." ती डोळे मिचकावून म्हणायची, आणि ठेचा-भाकरीचा डबा टेबलावर ठेवून जायची.

थंडी सुरू झाली तेव्हा ती आली, पण हसली नाही.

"पावणे येऊन गेले घरी. बाबा म्हणतात, हो म्हण. म्या म्हटलं, बकरी एकडाव दाखवून येतो, मंग सांगतो." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नीट पाहून सांगा, डाक्टर. मले अजून यावं लागंन का?"

किशोरनं सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर जाळीचा मागमूस नव्हता. सलग, जिवंत मांस! ज्या दिवसाची त्याच्या सरांनी आयुष्यभर वाट पाहिली होती, तो दिवस नेमका आजचा निघाला.

"नाही!" तो ओरडलाच. "आता काहीच गरज नाही!"

"कधीच?"

"कधीच!"

तिनं बकरी उचलली. तो सरांना सांगायला धावला. सरांनी पेढे मागवले. दुसरा पेढा तोंडात असताना त्याच्या लक्षात आलं, की तिनं बकरीबद्दल विचारलंच नव्हतं.

फोन करायचा, तर बकरीच्या तब्येतीशिवाय विषय नव्हता, आणि तब्येत तर त्यानंच ठणठणीत करून ठेवलेली. असा विचार करण्यात त्यानं बरेच दिवस घालवले. शेवटी अमरावतीची बस धरली.

पौर्णिमा अंगणात ज्वारी पाखडत बसली होती.

"त्या दिवशी मी चुकीचं सांगतलं," तो उभ्यानंच म्हणाला. "यायची गरज होती."

"बकरीले?"

"मले."

सूप थांबलं.

"तवा थोडं खोटं बोलले असते, तर काय बिघडलं असतं?"

"माहं संशोधन..."

ती हसली, आणि हसता हसता मनगटानं डोळे पुसले. "अन् आता सुपारी फुटली, डाक्टर. बाबानं जबान देल्ली. अन् म्याच हो म्हटलं."

सुपातले खडे ती वेचत राहिली. किशोरला पुष्कळ बोलायचं होतं... पण ज्याला वेळेवर 'पुढल्या महिन्यात आनजा' एवढंही सांगता आलं नाही, तो आता काय सांगणार?

"निंघतो मंग."

"डाक्टर... थांबा."

तो गर्रकन वळला.

"जाताना फाटकाची कडी तेवढी लावजा. कोंबड्या रस्त्यावर पळतात."