अस्वलाची नजर

लिफ्टमध्ये दोघंच होते. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "तुमची डावी भुवई उजवीच्या दोन फ्रेम आधी उचलली जाते."

तो दचकला. "काय?"

"तुमच्या आवाजाचं अस्वल... ते मी हलवते."

त्यांच्या स्टुडिओत बनत असलेल्या अ‍ॅनिमेशनपटात चेटकिणीचा भाऊ शापाने अस्वल झाला होता. त्याला आवाज याचा. बोलताना कॅमेरा याचा चेहरा टिपायचा आणि तो बघून ती अस्वलाला हावभाव द्यायची. त्या दिवसापासून तो रोज तिच्या टेबलाशी हजर.

"काय म्हणतंय आमचं अस्वल?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतं."

भावाबहिणीच्या भेटीचा प्रसंग रेकॉर्ड करताना तर त्याने हट्टाने तिला काचेपलीकडे, अगदी समोर बसवलं. नेमका तोच प्रसंग आता सहाव्यांदा दुरुस्तीसाठी परत आला होता.

"अगं, बहिणीकडे कुणी असं बघतं का?" दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. "मला तीन भाऊ आहेत. एकानेही जन्मात असं बघितलेलं नाही! संध्याकाळपर्यंत जमव, नाहीतर अस्वल दुसऱ्याकडे देते."

दीड वर्ष केस न् केस जपलेलं अस्वल... दुसऱ्याकडे? तिने पडद्यावर त्याच्या पापण्या जरा खाली आणल्या. अस्वल आजारी दिसू लागलं. शेवटी ती तणतणत रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली.

"परत बोला. आणि भावासारखं बघा!"

"तू आलीस... आता शाप राहिला काय नि गेला काय," तो तिच्याकडे बघत अस्वलाचं वाक्य बोलला.

तिने पडद्यावर पाहिलं. तीच नजर. पापणीचा कोनसुद्धा तोच.

"अहो, काय हे!"

"तुम्ही समोर असलात की... नाही जमत."

"मग आधी नाही सांगायचं? सहा वेळा बोलणी खाल्ली मी!" तिचे कान तापले होते. रागानेच असावेत. "बहीण आहे का तुम्हाला? खरीखुरी?"

"आहे. कजाग आहे."

"लावा तिला व्हिडिओ कॉल."

त्याने फोन कॅमेऱ्याखाली धरला आणि भरल्या गळ्याने तेच वाक्य म्हटलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" पलीकडून बहीण खेकसली. "आईला फोन कर आधी!"

तो वैतागला, हसला, क्षणभर हळवा झाला. तिला हवं ते सगळं मिळालं.

संध्याकाळी दिग्दर्शिकेने प्रसंग एका झटक्यात मंजूर केला. तो दाराशीच घुटमळत होता.

"अजून रागावलायत?"

"हो. नजरेतलं कळलं मला. आता तोंडाने सांगा. आवाजाचे कलाकार ना तुम्ही?"

त्याने घसा साफ केला. पुन्हा केला.

"अहो, लवकर... सगळे निघालेत घरी."

मग तो बोलला. अडखळत, श्वास चुकवत, शेवटचा शब्द अर्धाच गिळत. दुसऱ्या कुणी असं रेकॉर्डिंग पाठवलं असतं, तर तिने ते तिथल्या तिथे परत केलं असतं.

"चालेल," ती म्हणाली.