घरच्यांचा नंबर शेवटी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. ओमेश्वर माझा सख्खा मावसभाऊ. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

सप्टेंबर २००८. गणपती बसलेले. सडक अर्जुनीत, हायवेला लागून, ओमेश्वरचं नेट कॅफे. वेळ दुपारी अडीचची.

हो, दुपारचीच. असल्या गोष्टी काय घड्याळ बघून येतात?

ओमेश्वरला एक खोड. नवीन सॉफ्टवेअर निघालं की तालुक्यात सगळ्यांत आधी त्याच्याकडे पाहिजे. त्या आठवड्यात एक नवा ब्राउझर आला होता. चाचणीचा, बीटा म्हणतात तो. म्हणजे अजून कच्चा, कधी बंद पडेल त्याचा नेम नाही. उघडला की समोर नऊ चौकोन दिसायचे. आपण जी पानं जास्त पाहतो, त्यांची छोटी चित्रं त्या चौकोनांत यायची.

त्यानं तो तीन नंबरच्या संगणकावर टाकला. संगणक नवा कोरा, पोळ्याच्या आदल्या दिवशी आणलेला. त्याच्यावर अजून एकही गिऱ्हाईक बसलं नव्हतं. त्यामुळे नऊच्या नऊ चौकोन रिकामेच असायला हवे होते.

आठ रिकामे होते...

नवव्यात एक पान होतं.

बारावीच्या निकालाचं. जून २००६चं.



रिंकी त्याची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी ती याच कॅफेत, निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर, सकाळी अकरापासून बसली होती. बैठक क्रमांकाची चिठ्ठी तिनं सगळ्यांच्या आधी दिली होती. ओमेश्वरनं ती गठ्ठ्याच्या तळाशी घातली.

आमच्याकडची रीतच ती. पंगतीत पाहुणे आधी जेवतात, घरचे मागून. दुकानातही तेच. घरचं माणूस कुठं पळून जातंय?

ती तासातासाला विचारायची. तो म्हणायचा, थांब जरा, घरच्यांचा नंबर शेवटी. गावोगावची पोरं आली, निकाल घेऊन पेढे आणायला पळाली. ही आपली बसून. संध्याकाळी पाचला एकदाची तिची चिठ्ठी वर आली, आणि लाईन गेली. ती काही आलीच नाही. शेवटी त्यानं तिला घरी जायला सांगितलं. लाईन आली की पाहून सांगतो म्हणाला.

"सांगू नको, दादा," ती म्हणाली. "मले माह्या डोऱ्यानं पाहाचं हाय. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शेणखत टाकायचं होतं. टोपली भरता भरता ढिगातून साप निघाला. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चावला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

रिंकी पास झाली होती. एकाहत्तर टक्के, गावातून पहिली. पुढं गुणपत्रिका आली, साऱ्या गावाला कळलं.

फक्त तिला कळलं नाही.

दुलारीमावशीनं, म्हणजे त्याच्या आईनं, पोराला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. त्याला तेच जास्त लागायचं.

तर त्या दुपारी त्यानं तो नववा चौकोन दाबला.

जे पान बोर्डानं कधीच काढून टाकलं होतं, ते उघडलं. मधोमध क्रमांकाची रिकामी चौकट. दुकानात कुणी नव्हतं. बाहेर हायवेवर ट्रक धावत होते...

मग त्यांचा आवाज येईनासा झाला.

पंख्याचाही.

आणि... बांगड्या वाजल्या.

टक.

कीबोर्डवरचं एक बटण आपोआप खाली गेलं. चौकटीत एक आकडा आला. मग बराच वेळ काही नाही. रिंकी अशीच टाईप करायची. एका बोटानं, शोधून शोधून.

टक...

ओल्या शेणखताचा वास आला. त्यानं बाजूला पाहिलं. निळं स्टूल तिथं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकलं होतं.

भीती नाही वाटली त्याला. रडू आलं. तो नंबर त्याला पाठ होता, आणि एकेक आकडा बरोबर येत होता.

सहावा आकडा आला. बाण सरकत 'निकाल पाहा'वर जाऊन थांबला. पुढं काही होईना. ती वाट पाहत होती, दादानं बटण दाबायची. ओमेश्वरनं माउसकडे हात नेला...

तेवढ्यात दार उघडलं. नंदलाल, शेजारच्या गावचा.

"ओमेश्वरभाऊ, पैले माहा फॉर्म काढून दे गा. बस सुटून राहिली."

आणि ओमेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "थांब जरा."

हे तो नंदलालला म्हणाला नाही. स्टुलाकडे बघून म्हणाला.

सवय, दुसरं काय! जित्याची खोड. उठला, फॉर्म काढला, शिक्का मारला, सुटे दिले. दोन मिनिटं लागली असतील.

परत आला तर पडद्यावर सूचना. ब्राउझर अचानक बंद पडला, पुन्हा सुरू करायचा का?

त्यानं पुन्हा सुरू केला.

नऊच्या नऊ चौकोन रिकामे होते.

तो तिथंच जमिनीवर बसला. रिकाम्या स्टुलाला सांगत राहिला, "पास झाली तू, रिंकी. एकाहत्तर टक्के." पंखा फिरत होता. ट्रक धावत होते. आणि त्याला आठवलं, ती म्हणाली होती, सांगू नको.

त्यानंतर त्या ब्राउझरच्या कितीतरी आवृत्त्या आल्या. तीन नंबरवर मात्र अजून तोच कच्चा आहे. रोज दुकान उघडलं की तो आधी ते नऊ चौकोन बघतो, मग गिऱ्हाईक. निकालाच्या दिवशी सगळी रांग ताटकळत ठेवून पहिला नंबर रिंकीचा टाकतो. 'क्रमांक सापडला नाही' येतं. मग तिची चिठ्ठी गठ्ठ्यावर सगळ्यांत वर ठेवतो.

२०१३च्या निकालाला मी तिथं होतो. चिठ्ठी मीच वर ठेवली, आणि दिवसभर त्या गठ्ठ्यासमोरून हललो नाही. संध्याकाळी गठ्ठा उचलला...

तिची चिठ्ठी तळाशी होती.

 मी ओमेश्वरकडे पाहिलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. दरवर्षी असंच होतं म्हणाला.

"मीच सांगतलो होतो ना तिले," तो चिठ्ठी पुसत म्हणाला. "अजून माहं ऐकून राहिली."